दुसरं शोरूम उघडताय? आधी बघा, ते कुणाच्या भरवशावर उभं राहणार आहे



मागच्या महिन्यात मालवणहून एका तरुणाचा फोन आला. बोटीच्या आउटबोर्ड इंजिनांची दुरुस्ती करतो. मच्छीमारांची इंजिनं, तारकर्लीच्या वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची इंजिनं, सगळी त्याच्याकडे येतात. हात चांगला, नाव चांगलं. आता एका कंपनीचा माणूस त्याच्या मागे लागलाय. "आमची डीलरशिप घे, इथं शोरूम टाक, आणि वर्षभरात रत्नागिरीला दुसरं उघड. वाढ ना आता, किती दिवस पाने-पकड घेऊन बसणार?"

त्याचा प्रश्न होता, "सर, दुसऱ्या शोरूमसाठी कर्ज किती काढू?"

मी म्हटलं, कर्जाचा आकडा नंतर बघू. आधी मला सांग, दुसरं शोरूम उघडायचं की नाही हे ठरवतंय कोण? तू का कंपनी?

फोनवर दोन मिनिटं शांतता. म्हणून हा विषय व्हिडिओत घेतला. तिथं वेळ कमी पडला, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: डीलरशिपच्या धंद्यात शाखा वाढली की तुमची ताकद वाढतेच असं नाही. कंपनीवरचं तुमचं अवलंबित्व मात्र नक्की वाढतं. ते मोजल्याशिवाय दुसऱ्या शटरची चावी हातात घेऊ नका.

## उदाहरण अमेरिकेचं का घेतलं?

कारण बोटी विकायचा धंदा तिथं मोठा आहे आणि त्यातली एक विक्रेता कंपनी शेअर बाजारात आहे. शेअर बाजारातल्या कंपनीला आपले धोके दरवर्षी लेखी सांगावे लागतात. आपला शेजारचा डीलर आपल्याला खरा हिशोब कधी सांगेल का? ही कंपनी सांगते.

कंपनीचं नाव मरीनमॅक्स. फ्लोरिडातली. १९९८ साली वेगवेगळ्या राज्यांतले बोटविक्रेते एकत्र आले, त्यातून ती उभी राहिली आणि त्याच वर्षी शेअर बाजारात आली. कल्पना सोपी होती: एकेकटे दुकानदार एकत्र आले तर भांडवल मोठं, खरेदी मोठी, शाखा झपाट्याने वाढवता येतील. तशा त्या वाढल्याही.

पण त्यांच्या नव्या बोटींच्या विक्रीत सुरुवातीच्या वर्षांत सिंहाचा वाटा एकाच ब्रँडचा होता, सी रे. आणि सी रे कुणाची? ब्रन्सविक नावाच्या कारखानदाराची. हा साधासुधा कारखानदार नाही. मर्क्युरी हे इंजिन त्यांचंच. १९८६ साली त्यांनी सी रे आणि बेलाइनर हे दोन मोठे बोट ब्रँड विकत घेतले. म्हणजे बोटही त्यांची, बोटीवरचं इंजिनही त्यांचं.

आता गंमत बघा. मरीनमॅक्सकडे शेअर बाजारातून आलेला पैसा होता. समोर एखादा सी रेचा विक्रेता दुकान विकायला तयार होता. दोघं राजी. तरी व्यवहार होईलच असं नाही! सी रेचे आणखी विक्रेते विकत घ्यायचे तर ब्रन्सविकची संमती हवी, आणि त्यासाठी दोघांमध्ये स्वतंत्र करारच झालेला होता. शेअर बाजारातल्या कंपनीलासुद्धा "वाढू का?" असं विचारावं लागत होतं. मग तालुक्याच्या गावातल्या डीलरची काय कथा?

## कंपनीचा हात कुठं कुठं असतो

बोटीची डीलरशिप म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. टीव्ही, फ्रीज, ट्रॅक्टर, पंप, कशाचीही डीलरशिप घेणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

पहिला हात परवानगीचा. करारात तुमचा इलाखा लिहिलेला असतो. पण इलाखा लिहिलाय म्हणजे तो फक्त तुमचा, असं नसतं. काही करारांत तो फक्त तुमची जबाबदारी असतो. तिथं विक्री नाही झाली तर जाब तुम्ही द्यायचा, पण दुसरा डीलर नेमायचा हक्क कंपनीचा. जागा बदलायची, भागीदार घ्यायचा, धंदा विकायचा, प्रतिस्पर्धी ब्रँड ठेवायचा, बहुतेक करारांत प्रत्येक ठिकाणी कंपनीची सही लागते.

दुसरा हात मालाचा. बोटीचा धंदा हंगामी. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत थंडीत सरोवरं गोठतात, विक्री वसंत आणि उन्हाळ्यात. पण कारखाना बारा महिने चालू ठेवायचा असतो. मग विक्रेत्याने हंगामाच्या कितीतरी आधी ऑर्डर द्यायची, माल उचलायचा आणि थंडीभर सांभाळायचा. किती माल ठेवायचा, किती विकायचा, ग्राहक किती समाधानी असायला हवेत, याची टार्गेटं कंपनी ठरवते. दोन शोरूम म्हटलं की दोन्हीकडे सॅम्पल हवा. विक्री दुप्पट व्हायला दोन वर्षं लागतात, माल पहिल्या दिवशी दुप्पट लागतो.

तिसरा हात पैशाचा. हा सगळ्यात कमी दिसतो. शोरूममधल्या बोटी सहसा विक्रेत्याच्या पैशाने आलेल्या नसतात. वित्तसंस्था कारखान्याला पैसे देते, बोट विक्रेत्याच्या दारात येते, आणि बोट विकली की विक्रेता कर्ज फेडतो. तिथं याला फ्लोअर प्लॅन म्हणतात. आपल्याकडच्या चॅनेल फायनान्सचा भाऊच समजा. सुरुवातीचे काही महिने व्याज बऱ्याचदा कारखानदार भरतो. त्यामुळे माल फुकट उभा आहे असं वाटतं.

एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेत. बोट ४० लाखांची. व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला ४० हजार. पहिले चार महिने व्याज कंपनीचं. तुमचं मार्जिन १० टक्के, म्हणजे ४ लाख. बोट चार महिन्यांत गेली तर ४ लाख हातात. सातव्या महिन्याच्या अखेरीस गेली तर १ लाख २० हजार व्याजात गेले. दहाव्या महिन्याच्या अखेरीस गेली तर २ लाख ४० हजार गेले, आणि तोवर नवं मॉडेल आलेलं असतं म्हणून ग्राहक सूट मागतो ती वेगळीच. भाडं, पगार अजून धरलेलं नाही.

आता कंपनीने ठरवलं की पुढच्या हंगामापासून व्याज चारऐवजी दोनच महिने भरणार. तुमचं दुकान तेच, ग्राहक तेच, बोट तीच. तरी नफा कमी झाला, आणि तो एका पत्राने झाला.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे. विक्रेता बुडाला तर न विकलेला माल परत घ्यायची हमी कारखानदार देतो. पण ती देतो बहुतेक वेळा वित्तसंस्थेला! त्या हमीने बँक वाचते. विक्रेत्याला "कंपनी माल परत घेते" एवढंच ऐकू येतं, आणि तो निर्धास्त झोपतो.

## कंपनीने दिशा बदलली की

डिसेंबर २०१७ मध्ये ब्रन्सविकने जाहीर केलं की सी रे हा ब्रँड विकायचा आहे. विचार करा, तुमच्या शोरूमवर ज्याची पाटी आहे तोच ब्रँड बाजारात विक्रीला! नवा मालक कोण, तो तुमचा करार ठेवणार का, काहीच माहीत नाही. सहा महिन्यांनी, जून २०१८ मध्ये, त्यांनी विक्री रद्द केली. ब्रँड ठेवला, पण सुमारे ४० फूट आणि त्याहून मोठ्या यॉट बनवणं बंद करायचं ठरवलं. कारखान्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेलही. पण मोठ्या यॉट विकायची ज्याची तयारी होती, त्या विक्रेत्याच्या यादीतून एक अख्खी ओळ गेली.

इंजिनांचं तर विचारू नका. इव्हिनरूड हे शंभर वर्षांहून जुनं नाव. २००० सालच्या डिसेंबरात तेव्हाची मालक कंपनी ओएमसी दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी बॉम्बार्डिअरने ब्रँड घेतला, नंतर तो बीआरपीकडे आला. मे २०२० मध्ये बीआरपीने ही इंजिनं बनवणं कायमचं बंद केलं. सुट्या भागांचा पुरवठा आणि वॉरंटी चालू ठेवू म्हणाले, ठीक आहे. पण विक्रेत्याला विकायला नवं इंजिन कुठंय? एकाच ब्रँडने वीस वर्षांत दोनदा विक्रेत्याच्या पायाखालची फळी काढली. आणि लक्षात ठेवा, ग्राहक तक्रार घेऊन कारखान्यात जात नाही. तो दुकानात येतो.

आपल्याकडे हे घडत नाही असं वाटत असेल तर मोटारींकडे बघा. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. शोरूम कंपनीच्या डिझाइनचं, फरशीसुद्धा कंपनी सांगेल ती, आणि कर्ज मात्र डीलरच्या नावावर. डीलरांची संघटना फाडा तेव्हापासून डीलरांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा मागतेय. अमेरिकेत मोटारविक्रेत्यांना राज्यांचे कायदे बरंच संरक्षण देतात. बोटविक्रेत्यांना ते सगळीकडे सारखं मिळत नाही. आणि जिथं कायदा पाठीशी नाही, तिथं करारातलं प्रत्येक वाक्य तुमचा कायदा असतं.

## माझा धडा

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाही. माझं दुकान पंप आणि मोटारींचं. पहिलं दुकान बरं चाललं होतं. कंपनीच्या एरिया मॅनेजरने शेजारच्या तालुक्यात काउंटर टाकायला सांगितलं. "तो तालुका तुमचाच" असं तो चहा पिताना म्हणाला. मी साडेसहा लाख इंटिरिअरला घातले, कंपनीच्या रंगात. नऊ महिन्यांनी त्याच रस्त्यावर त्यांनी दुसरा डीलर नेमला. मी करार काढून बघितला. माझ्या तालुक्यापुढे "केवळ" हा शब्द कुठंच नव्हता. मॅनेजरची बदली झाली होती. नवा म्हणाला, "साहेब, लेखी असेल तर दाखवा."

चौदा महिन्यांत ते काउंटर बंद केलं. कर्जाचे हप्ते मात्र पुढे तीन वर्षं भरले. ते हप्ते कशातून भरले माहीत आहे? मोटारी भरून देण्यातून. जुन्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, वायर भरायची, परत चालू करून द्यायच्या. ते काम कुठल्याच कंपनीच्या परवानगीवर चालत नव्हतं.

चूक कंपनीची का माझी? राग आला होता तेव्हा मी कंपनीला शिव्या घालत होतो. आज सांगतो, बोलण्यावर साडेसहा लाख घालणारा मीच होतो. BBA करताना करारांवर अख्खा पेपर दिला होता मी, आणि स्वतःचा करार मात्र काउंटर बंद करायची वेळ आल्यावर वाचला!

## मग डीलरशिप घ्यायचीच नाही का?

घ्या. जरूर घ्या. ब्रँडचं नाव नसतं तर माझ्या पहिल्या दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. कंपनी अटी घालते त्यालाही कारण असतं. एक डीलर सूट देऊन बाजार बिघडवतो, एक सर्व्हिस देत नाही, आणि बदनाम सगळा ब्रँड होतो. शिवाय कंपनीलाही डीलर लागतोच. पाण्यात उतरवून दाखवणारा, बंद पडली तर किनाऱ्यावर येणारा माणूस नसेल तर बोट कोण घेईल? गरज दोघांना आहे. फरक एवढाच की कंपनीकडे पुष्कळ डीलर असतात आणि तुमच्याकडे एकच कंपनी असते.

तोच फरक कमी करायचाय. मरीनमॅक्सने काय केलं बघा. इतर कारखानदारांचे ब्रँड जोडले. पुढे २०२० मध्ये यॉटची दलाली आणि चार्टर करणारी नॉर्थरॉप अँड जॉन्सन घेतली. २०२१ मध्ये क्रूझर्स यॉट्स आणि इंट्रेपिड हे बोटी बनवणारे दोन कारखानेच घेतले. २०२२ मध्ये मरिना चालवणारी आयजीवाय घेतली. म्हणजे दुसऱ्याची नवी बोट विकण्यापलीकडे उत्पन्नाचे रस्ते काढले. बोट कुणीही बनवो, ती उभी करायला मरिना लागतेच ना!

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्ही काय कारखाने विकत घेणार? नका घेऊ. पण दिशा तीच धरा. आणि घाई करू नका, कारण कारखानदारही तीच दिशा धरतोय. ब्रन्सविकने २०१९ मध्ये फ्रीडम बोट क्लब विकत घेतला. तिथं लोक बोट विकत न घेता वर्गणी भरून वापरतात. म्हणजे कारखानदार आता सरळ बोट वापरणाऱ्यापर्यंत पोचतोय.

## सही करण्याआधी पाच प्रश्न

१. इलाखा फक्त माझाच आहे, हे लेखी आहे का? किती वर्षांसाठी? टार्गेट चुकलं तर तो हक्क लगेच जातो का सुधारायला वेळ मिळतो? चहाच्या टेबलावरचं आश्वासन त्याच संध्याकाळी ईमेलवर मागा. द्यायला तयार नसतील तर उत्तर मिळालं.

२. करार संपला तर माल कोण घेणार? परत घेणार असतील तर कुठल्या भावाने, किती दिवसांत, वाहतूक कुणाची? आणि हमी मला आहे का माझ्या बँकेला? सुट्या भागांचंही विचारा. डेड स्टॉक बहुतेक वेळा पार्ट्सच्या रॅकवर तयार होतो.

३. व्याजाची आणि स्कीमची मदत काढून घेतली तर शाखा जगेल का? वरच्यासारखा हिशोब दोन वेळा करा. एकदा मदत धरून, एकदा शून्य धरून. दुसरा हिशोब तोट्यात असेल तर शाखा तुमच्या पायावर उभी नाही, कंपनीच्या स्कीमवर उभी आहे.

४. नवी विक्री बंद पडली तर भाडं, पगार आणि हप्ता कशातून निघेल? मोटारविक्रेत्यांच्या धंद्यात यासाठी एक मोजमाप आहे, ॲबसॉर्प्शन म्हणतात. सर्व्हिस आणि पार्ट्सच्या कमाईतून दुकानाचा स्थिर खर्च किती टक्के निघतो, ते बघायचं. पहिल्या दुकानात हा आकडा निम्म्याच्या खाली असेल तर दुसरं दुकान उघडू नका, हे माझं मत आहे. आधी पहिल्याचं वर्कशॉप वाढवा.

५. ग्राहकाची वही कुणाकडे आहे? नाव, नंबर, कुठलं इंजिन, शेवटची सर्व्हिस कधी, हे फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर डीलरशिप गेल्या दिवशी ग्राहकही गेला. ग्राहकाला विचारून तुमची स्वतःची नोंद ठेवा. साधी वहीसुद्धा चालेल.

## मालवणच्या त्या मित्राचं काय झालं?

त्याने कंपनीला पत्र पाठवलं. डीलरशिप एका शोरूमची घेतो, दुसऱ्याचं दोन हंगामांनंतर बघू, आणि दुरुस्तीचं दुकान वेगळ्या नावाने चालू राहील, तिथं सगळ्या ब्रँडची इंजिनं येतील. कंपनीचा माणूस आधी चिडला. अजून बोलणी चालू आहेत. कदाचित होईल, कदाचित मोडेल.

पण मला विचाराल तर त्याने अर्धी लढाई जिंकलीय. कारण मोडलं तरी उद्या सकाळी त्याच्या दारात चार इंजिनं दुरुस्तीला येणारच आहेत. ज्याला "नाही" म्हटलं तरी घर चालतं, तोच कंपनीसमोर खुर्चीत नीट बसून बोलू शकतो.

तुमच्याकडे एखादी डीलरशिप असेल तर आज रात्री एक काम करा. कपाटातला करार बाहेर काढा आणि वरचे पाच प्रश्न पेन्सिलने त्याच्या समासात लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर करारात सापडणार नाही, तो पुढच्या भेटीत एरिया मॅनेजरला विचारा. चहा तुम्हीच पाजा. उत्तर मात्र लेखी घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.